सात मेलेली मशीनं

(कर्णबधिर मुलांच्या शाळेतली दुरुस्तीची खोली. खिडकीशी टेबल, त्यावर एका निवृत्त घड्याळजीची हत्यारं आणि मुलांच्या कानातली मशीनं पसरलेली. डोळ्याला भिंग लावून बसलेत त्यांना सगळी शाळा 'घड्याळकाका' म्हणते. गेली दोन वर्षं ते रोज सकाळी येतात, मशीनं दुरुस्त करतात आणि बोलतात. समोर उभ्या आहेत त्या कानतपासणीच्या बाई.)

बाई : ...आणि हे सातवं. कंपनीकडून आली सगळी परत. मोजून घ्या काका.

घड्याळकाका : सातही? अरे वा! बघा, मी म्हणत नव्हतो? कंपनीची माणसं आळशी खरी, पण मनावर घेतलं की करतात.

बाई : काही केलेलं नाही त्यांनी. चिठ्ठी वाचा.

घड्याळकाका : थांबा, भिंग काढू द्या. हं. 'तपासणी केली.' बरं केलंत. 'दोष आढळला नाही.' ...हे कुठलं म्हणायचं?

बाई : पहिलं.

घड्याळकाका : आणि दुसरं?

बाई : दुसऱ्याला तीच चिठ्ठी. तिसऱ्याला तीच. पाचव्यापासून तर बिचारा कंटाळला, नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलंय.

घड्याळकाका : कामचोर आहेत लेकाचे! उघडून तरी बघितलं असेल का? अहो, पन्नास वर्षं काढली मी या भिंगामागे. आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, घड्याळजीनं हात टेकले की समजावं घड्याळाचं बाराव्याचं जेवण घालायचं. आणि हे मला शिकवणार?

बाई : काका, मी सकाळी सातही मशीनं तपासायच्या नळीला लावून ऐकली.

घड्याळकाका : बरं मग?

बाई : सातही बोलतायत. छान, स्वच्छ.

घड्याळकाका : वाटेत हलली असतील.

बाई : सातही?

घड्याळकाका : रस्ते कसे आहेत बघता ना? घड्याळाचं असंच असतं. बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाईक पिशवीत घालून हलवत हलवत आणतं, आणि माझ्या हातात आलं की टुकटुक चालू! गिऱ्हाईक पार तोंडघशी. मी म्हणायचो, राहू दे, माझ्या भीतीनं चाललं.

बाई : मग ही सात तुमच्या भीतीनं बंद पडली वाटतं.

घड्याळकाका : करा, चेष्टा करा गरिबाची.

बाई : चेष्टा नाही हो. प्रत्येक डबीवर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'मेले'. वर ही एवढी मोठी फुली. मुलं घाबरतात त्या फुलीला. परवा पहिलीतला एक जण डबी छातीशी धरून रडत होता. त्याला वाटलं मशीन पुरायचं असतं.

घड्याळकाका : मग काय लिहू? 'प्रकृती अस्वस्थ'?

बाई : काही लिहू नका. मला आधी एक सांगा, हे सातवं कोणाचं आहे?

घड्याळकाका : चिठ्ठीवर असेल की.

बाई : तुम्हाला माहीत आहे कोणाचं आहे ते.

घड्याळकाका : ...चिमणीचं.

बाई : चिमणीचं. सतरा दिवस पोरगी मशीनशिवाय वर्गात बसलीय. सकाळी सगळ्या शाळेपुढे वाचायच्या बातम्या तिच्याकडे होत्या या महिन्यात. किती तयारी केली होती तिनं! आरशासमोर उभी राहून एकेक शब्द घोटायची. त्या बातम्या दुसऱ्याला द्याव्या लागल्या मला. आणि तुम्ही तिला काय म्हणाला होता, आठवतंय?

घड्याळकाका : काय म्हणणार? पाणी गेलंय म्हणालो.

बाई : असं नाही म्हणालात. 'पाण्यात घातलंस ना? आंघोळीला काढलं नाहीस ना?' असं म्हणालात. तिच्या आईच्या देखत. वर आणखी, 'एवढी महागाची वस्तू, जरा तरी काळजी' वगैरे कीर्तन.

घड्याळकाका : मला वाटलं पाणीच गेलंय. दुसरं काय असणार होतं?

बाई : तिच्या आईनं घरी नेऊन तिला चांगलं धारेवर धरलं. आठवडाभर मैदानावर जाणं बंद. आणि पोरगी एका शब्दानं म्हणाली नाही, की मी घातलं नव्हतं पाण्यात. विचारलं मी. तर म्हणते, काका म्हणाले म्हणजे घातलं असेल.

घड्याळकाका : असं म्हणाली?

बाई : असंच म्हणाली.

घड्याळकाका : बाई, एक विनंती करू? तिला सांगा ना, कंपनीनं दुरुस्त करून पाठवलं म्हणून. मशीन आलं, पोर खूश, विषय संपला. अळीमिळी गुपचिळी.

बाई : मी नाही सांगणार.

घड्याळकाका : का? एवढंसं तर आहे.

बाई : एवढंसं आहे तर तुम्ही सांगा. आणि खरं सांगा. मशीन चांगलं होतं, चूक माझी झाली. सहा-सात शब्द आहेत. तुम्ही तर एका दमात सातशे बोलता.

घड्याळकाका : अहो, पण चूक कशी झाली तेच मला कळेना! मी नळी लावली, ऐकलं. आवाज नाही. सेल बदलला, पुन्हा ऐकलं. नाही म्हणजे नाही. एकदा चुकेन, सातदा कसा चुकेन मी?

बाई : त्याचाच मीही सकाळपासून विचार करत होते. ...आली बघा. ये गं चिमणे, ये आत. काका, भिंग काढा आणि मान वर करून बोला. टेबलाशी बोललात तर तिला ओठ दिसत नाहीत.

चिमणी : बाई, मशीन आलं?

बाई : आलं. काकांकडे आहे. काका तुला काहीतरी सांगणार आहेत.

चिमणी : काय?

घड्याळकाका : हं. ते... म्हणजे काय झालं चिमणे, तुझं मशीन... आलं. दुरुस्त झालं! कंपनीनं अगदी फस्क्लास करून पाठवलं.

बाई : काका!

घड्याळकाका : घाल, घाल कानात. बघ बरं येतंय का ऐकू.

चिमणी : थांबा. केस बाजूला. हां. ...बोला.

घड्याळकाका : चिमणे!

चिमणी : आलं! ...बाई, पंखा आला. पंख्याचा आवाज! आणि खुर्ची. मी खुर्ची हलवली, आलं!

बाई : आलं ना? शहाणी माझी बाय.

चिमणी : काका, थँक्यू. मी आता नीट वापरते. आंघोळीच्या आधी काढते. डबीत ठेवते. मग परत बघते. तीनदा बघते. पुन्हा पाण्यात नाही जाणार. सॉरी काका.

घड्याळकाका : अगं... तू कशाला सॉरी म्हणतेस?

बाई : हो, तू कशाला गं सॉरी म्हणतेस? काका, ती बघतेय तुमच्याकडे. सांगा तिला, तिनं कशाला सॉरी म्हणायचं ते.

घड्याळकाका : बाई, तुम्ही पण ना, हात धुऊन मागे लागता माणसाच्या.

चिमणी : शिट्टी.

घड्याळकाका : काय म्हणाली?

चिमणी : शिट्टी वाजते. इथे.

घड्याळकाका : मैदानावर चालू असेल खेळ.

चिमणी : मैदानावर नाही. इथे. टेबलावर. हे निळं मशीन वाजतं. तुमच्या हाताजवळ.

घड्याळकाका : हे? छे! हे तर आत्ताच बघितलं मी. हे पण गेलेलंच आहे. फुली मारायची राहिलीय.

चिमणी : वाजतं! मोठ्यानं वाजतं. बाई, वाजतं ना?

बाई : वाजतंय. मी खोलीत आले तेव्हापासून वाजतंय. मशीन चालू ठेवून त्यावर हात धरला की शिट्टी येते, तुम्हीच पालकांना शिकवता ना काका? शिट्टी आली म्हणजे मशीन ठणठणीत. मी म्हटलं, बघू या, काका कधी बंद करतात. माझे कान किटले हो! पण तुमच्या कपाळावर आठी नाही.

घड्याळकाका : ...आत्ताही वाजतंय?

चिमणी : आत्ताही.

घड्याळकाका : हे कानाला लावलं तर? ...नाही. नाही हो. मला काहीच...

बाई : द्या ते इकडे. झालं, केलं बंद. बसा जरा. पाणी देऊ?

घड्याळकाका : पाणी नको. म्हणजे ती सातही...

बाई : हं.

घड्याळकाका : नाचता येईना, अंगण वाकडं.

बाई : नुसतं अंगण वाकडं म्हणाला असतात तर ठीक होतं. तुम्ही तर अंगणावर फुली मारून कंपनीला पाठवून दिलंत.

चिमणी : काकांना ऐकू येत नाही?

बाई : सगळं येतं गं. बारीक आवाज येत नसतील. बघायला हवं.

चिमणी : मग मणी! काका, चला. मणी करू.

घड्याळकाका : कसले मणी?

चिमणी : शेजारच्या खोलीत. मी घेते परीक्षा. चला, उठा, उठा!

घड्याळकाका : अगं ओढतेस काय! बाई, सांगा हिला, या वयात कसली परीक्षा?

बाई : मी काय सांगणार? इथे येणारं प्रत्येक पोर त्या खुर्चीवर बसतं. तीन वर्षांचं असलं तरी बसतं. तुम्ही दोन वर्षं चुकवलीत. दार ओढून घ्या मागे.

चिमणी : इथे बसा. हे मोठे फोन कानावर. ही मण्यांची वाटी, ही बरणी. आवाज आला की एक मणी बरणीत. नाही आला, टाकायचा नाही. कळलं?

घड्याळकाका : कळलं मास्तरीणबाई.

चिमणी : हसायचं नाही. बाई, सुरू.

घड्याळकाका : हा आला! टाकला. हा आला. हा पण आला. काय हो, सोपं आहे की! हा आला...

चिमणी : थांबा! बाई, थांबा. काका चोरी करतात.

घड्याळकाका : मी? अगं मी कुठे...

चिमणी : बाईंच्या हाताकडे बघता. बाईंनी बटण दाबलं की मणी टाकता. मी पण आधी असंच करायची. लहान होते तेव्हा. बाईंनी पकडलं.

बाई : अगदी खरं. दोन महिने फसवलं होतं हिनं मला.

चिमणी : खुर्ची फिरवा. भिंतीकडे तोंड. मी इथे भिंतीशी उभी राहते, तुमच्यासमोर. आता सुरू.

घड्याळकाका : भिंतीकडे तर भिंतीकडे. हं. आला. ...आला. ...आता सुरू करा की बाई.

बाई : ...

घड्याळकाका : झोपलात काय? कधी वाजवणार?

चिमणी : बाई वाजवतात. केव्हापासून वाजवतात.

घड्याळकाका : हं.

चिमणी : आता मोठा. ...अजून मोठा. ...आता मला इथपर्यंत आला. फोनमधून बाहेर आला!

घड्याळकाका : आता... काहीतरी आल्यासारखं झालं. टाकू का?

चिमणी : विचारायचं नाही. आला तर टाका.

घड्याळकाका : नाही टाकत.

बाई : झालं काका. काढा फोन. फिरा इकडे.

चिमणी : मी मोजते. माझ्या वेळी वाटी रिकामी होते, मशीन लावून. तुमच्या वाटीत... एक, दोन, तीन... अकरा उरले. काका, नापास.

घड्याळकाका : घ्या! मॅट्रिकला सुटलो, आणि चौथीच्या पोरीनं पाडलं.

बाई : जाडे आवाज सगळे येतायत तुम्हाला. दार, मोटार, माझी ओरड. बारीक आवाज गेलेत. शिट्टी, पाखरं, बोलण्यातले स आणि श.

घड्याळकाका : पण तुम्ही बोलता ते सगळं कळतं मला.

बाई : कारण माझा आवाज खणखणीत आहे, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघता. महिनाभर बघतेय मी. इथली पोरं बघतात ना, अगदी तसं.

घड्याळकाका : चिमणे, ते मणी भर बघू वाटीत. बाई, जरा इकडे या. एक सांगतो, हसू नका.

बाई : बोला.

घड्याळकाका : दुकान मी का बंद केलं? सगळ्यांना सांगितलं, हल्ली घड्याळं घालतं कोण. ते खोटं नाही, पण खरंही नाही. पूर्वी घड्याळ कानाशी धरलं की नुसत्या टिकटिकीवरून सांगायचो, कुठलं चाक दुखतंय. मग टिकटिक येईनाशी झाली. काटे तर फिरतायत, आणि कानाला घड्याळ मेलेलं! मला वाटलं, आता कारखान्यातून मुकीच घड्याळं काढायला लागले. खरंच वाटलं हो. नंतर नंतर कळायला लागलं होतं. पण कळलं असं स्वतःशीही म्हणालो नाही.

बाई : आणि घरी?

घड्याळकाका : घरी काय? ही हल्ली पुटपुटते.

बाई : काकू पुटपुटतात?

घड्याळकाका : चाळीस वर्षं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई. अलीकडे तोंडातल्या तोंडात. मग मी चिडतो, मग ती बोलणंच सोडून देते.

बाई : काका.

घड्याळकाका : हो हो. आलं लक्षात. ती नाही पुटपुटत.

चिमणी : तोंड इकडे! पाठ करून बोलायचं नाही. मला दिसत नाही.

बाई : बघा, आमच्या शाळेत पाठ फिरवून बोलणं म्हणजे चोरी. बरं, आता पुढचं ऐका. कानाच्या डॉक्टरांना मी फोन करते, उद्या दाखवून या. आणि आज आत्ता साचा घेऊन ठेवू कानाचा. मग मशीन बसवता येईल.

घड्याळकाका : मशीन? मला?

बाई : नाही, मला.

घड्याळकाका : छे छे! लोक काय म्हणतील? घड्याळजी बहिरा झाला म्हणतील.

चिमणी : झाला तर काय?

घड्याळकाका : तसं नाही गं पोरी...

चिमणी : मी आहे बहिरी. लाज वाटते?

घड्याळकाका : तुझी कसली लाज! तू लहान आहेस. तुला शोभतं ते.

चिमणी : मोठी झाले की नाही शोभणार?

बाई : द्या आता उत्तर.

घड्याळकाका : बाई, मी चुकीचं बोललो.

बाई : मला काय सांगता? मला कुठे काय लागलंय?

घड्याळकाका : मी काय म्हणतो, मशीनबिशीन राहू दे. मी उद्यापासून येतच नाही. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्यानं काय मशीनं तपासायची? उगाच पोरांचं नुकसान. माझी हत्यारं घेतो आणि जातो.

चिमणी : कुठे जातो?

घड्याळकाका : घरी जातो.

चिमणी : का?

घड्याळकाका : का म्हणजे...

बाई : काका, जरा ऐकून घ्या. ऐकायचं काम माझं. तुम्ही उघडा, पुसा, जोडा. केसाएवढी तार जोडणारा हात इथे दुसऱ्या कोणाकडे नाही. हात शाबूत आहेत तुमचे. कानानं दगा दिला, तर हातांना कशाला शिक्षा? फक्त फुली मारायचा अधिकार काढून घेतलाय. 'मेले' लिहायचं ते मी लिहीन.

घड्याळकाका : खरं सांगू? मला सकाळी उठून इथे यायचं नसेल ना, तर मी उठायचं तरी कशाला, हेच मला कळणार नाही.

बाई : मग बसा खुर्चीवर. कान इकडे करा.

घड्याळकाका : दुखतं का?

चिमणी : दुखत नाही. गार लागतं. मग गुदगुल्या. मी तर चौदा वेळा केलंय. कान वाढतो, साचा बदलतो.

बाई : आधी कापसाचा बोळा, दोरा बांधलेला. घाबरू नका, बाहेर येतो तो. आता हे दोन लगदे, पांढरा आणि गुलाबी, एकत्र मळायचे आणि पिचकारीनं कानात भरायचे. पाच मिनिटांत घट्ट होतं. पण एक अट आहे. जबडा हलता कामा नये. हलला तर साचा वाकडा, आणि वाकडा साचा म्हणजे कायम शिट्टी.

घड्याळकाका : म्हणजे बोलायचं नाही?

बाई : अजिबात नाही.

घड्याळकाका : पाच मिनिटं?

बाई : झोपेत तरी पाच मिनिटं गप्प असता का, काकूंना विचारायला हवं. बोलायचं असेल तर हात आहेत. दोन वर्षं इथे येताय, पोरांनी किती खुणा शिकवल्या, तुम्ही एक शिकला नाहीत. म्हणे माझे हात कामात असतात, बोलायला तोंड आहे. बघू आता. हं, भरते. झालं. चिमणे, लक्ष ठेव. मी कोपऱ्यात हात धुते आणि डॉक्टरांना फोन लावते.

चिमणी : मी बघते. काका, हलू नका. मी हनुवटी धरते.

घड्याळकाका : …

चिमणी : साच्याचा रंग कुठला? बोलू नका! मी सांगते. जांभळा. चमकी असलेला.

घड्याळकाका : …

चिमणी : मान पण नाही हलवायची! हो असेल तर अंगठा वर. नाही असेल तर खाली.

घड्याळकाका : …

चिमणी : खाली नाही चालत. जांभळाच.

घड्याळकाका : …

चिमणी : काका, एक विचारू? तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही.

घड्याळकाका : …

चिमणी : मग माझं मशीन तुम्ही कसं ऐकलं? नळी लावून ऐकलं. आणि म्हणालात मेलं.

घड्याळकाका : …

चिमणी : मशीन मेलं नव्हतं?

घड्याळकाका : …

चिमणी : अंगठा खाली. मेलं नव्हतं. चांगलं होतं?

घड्याळकाका : …

चिमणी : वर. मग कंपनीनं काय दुरुस्त केलं?

घड्याळकाका : …

चिमणी : हात असे रिकामे का दाखवता? काहीच नाही? काहीच केलं नाही? मग मघाशी खोटं बोललात.

घड्याळकाका : …

चिमणी : वर. ...मी पाण्यात नव्हतं घातलं.

घड्याळकाका : …

चिमणी : मला वाटलं, झोपेत घातलं असेल. मला आठवत नाही, असं वाटलं. आई ओरडली. मी म्हटलं, हो, घातलं. पण नव्हतं घातलं ना?

घड्याळकाका : …

चिमणी : अहो, तो कान नाही! त्यात लगदा आहे! हात काढा. साचा बिघडेल. दुसरा धरा. हां, तो.

घड्याळकाका : …

चिमणी : सतरा दिवस, काका. बातम्या पण गेल्या.

घड्याळकाका : …

चिमणी : पाणी आलं डोळ्यांत. पुसू नका, गाल हलतो. मी पुसते. ...आईला सांगायचं. तुम्ही. उद्या. आईला हातांनी कळत नाही. तिला तोंडानं सांगा.

घड्याळकाका : …

चिमणी : वर. बरं. मी अजून रागावलेय. थोडी. सोडू नका कान.

बाई : लागला फोन, उद्या दहा वाजता बोलावलंय. अगं बाई, हे काय? कान का धरून बसलेत काका? दुखायला लागलं की काय?

चिमणी : नाही बाई. थांबा जरा. आम्ही बोलतोय.